पत्र्यावरचा दात

—नाही, आत नको जाऊ मंदा, डॉक्टरबेननं काय सांगितलं, बस इथीच. रडते का तुझी वृषाली? अजिबात नाही रडत, कान लाव, येतो का आवाज? एकदा इंजेक्शन लागलं की पोरीले काही समजत नाही. आता तार बांधत असतील. बाजूच्या दातांले बारीक तार लावतात, मधी हा पडलेला दात बसवतात, अन् मंग पंधरा दिवस नुसती मऊ खिचडी. अकरा वर्षं पाहते मी हे, या डिंडोलीच्या दवाखान्यात. केसपेपर काढायचे, औजारं उकळायची, फोन उचलायचा, फरशी पुसायची — सगळ्याले सुवर्णा. नुसती सुवर्णा, सुवर्णा. थकून जाते बाप्पा. हे पाणी घे. घे ना, फिल्टरचं आहे.

अन् सारखी कपाळावर मारून काऊन घेतेस? दात फेकला तर फेकला. कोण नाही फेकत? आमच्या अकोल्याकडं कौलावर फेकायचो, इथी गुजरातेत पत्रा आहे तर पत्र्यावर. पोर जिन्यावरून तोंडावर पडली, समोरचा दात मुळासकट हातात आला, तुले वाटलं दुधाचाच आहे — दिला उंदीरमामाले, देईल तो नवा. मी माझ्या स्वातीचे सगळे तसेच फेकले. पण नऊ वर्षांच्या पोरीचा समोरचा दात पक्का असतो, हे कोणाले माहीत असतं? मलेबी इथी आल्यावरच समजलं. पक्का दात पडला तर मुळाले हात नाही लावायचा, घासायचा नाही, वाटीभर दुधात टाकायचा अन् पळत यायचं. तासाभरात आणला तर धरतो पुन्हा. तासाभरात, हां. तू चारले आलीस रिकाम्या हातानं, मंग तुझा नवरा कापडाच्या लूमच्या कारखान्यातून आला, पत्र्यावर चढला, शोधला त्यानं बिचाऱ्यानं, पण तोवर पावणेपाच. अन् एप्रिलचा पत्रा. चिंचोक्यासारखा वाळून गेला होता गं तो दात — नको, हे मी नव्हतं बोलायला पाहिजे. डॉक्टरबेन करताहेत ना प्रयत्न. हात चांगला आहे त्यांचा.

काय म्हणालीस? फोन केला होता? कधी — दुपारी? असं. शेजारच्या सरलाबाईनं सांगितलं म्हणून केला. बरोबर सांगितलं तिनं. मंग कोणी उचलला? कोणी बाई. अन् चारले या म्हणाली. हं. आता कसं असतं मंदा, एक ते चार दवाखाना बंद, तेव्हा कोणीबी उचलतं. बाजूचा मेडिकलवाला उचलतो कधी कधी — बाई म्हणालीस नाही का तू. त्याची बायको बसते मधीमधी. तिले काय समजतं? एक तर मागं लूमचा एवढा खडखडाट, त्यात तू रडत, अर्धं बोलणं ऐकूच येत नाही, समोरच्या माणसानं समजायचं काय, म्हणणारच ना चारले या म्हणून, अन् ठेवून देणार —

अशी काय पाहतेस?

पत्ता आहे ना केसपेपरवर. त्यावरून म्हटलं मी, लूमच्या बाजूले राहते म्हणून. नाही. पत्त्यात लूम नाही लिहिलेलं. पाहू नको गं अशी. मीच होते. मीच उचलला फोन. तू म्हणालीस, पोरीचा दात पडला, अन् मी म्हटलं, पडू दे, दुसरा येईल, चारले या. फोनच्या वर तो कागद दिसतो का भिंतीवर, पिवळा पडलेला? डॉक्टरबेननं माझ्याकडूनच लिहून घेतला, गुजराती मले नीट वाचता येत नाही म्हणून मराठीत. वय किती, दात कुठी आहे, केव्हा पडला. तीनच गोष्टी. कितीही घाई असो, विचारायच्या म्हणजे विचारायच्या. अकरा वर्षं विचारल्या. आज नाही विचारल्या.

काऊन? सांगते, हसशील तू. माझी दाढ दुखते. ही डावी, खालची. वीस दिवस झाले. दातांच्या दवाखान्यात काम करते अन् दाढेत लवंग दाबून फिरते! लोकांले दिवसभर सांगते, गोळ्यांवर नका राहू, सूज आली तर लगेच या, शेक नका देऊ — अन् आज दुपारी दोन गोळ्या गिळून, ह्याच बाकड्यावर, स्टीलचा थंड पेला गालाले लावून पडले होते. रात्रभर झोप नव्हती. डॉक्टरबेनले सांगितलं असतं तर तिथल्या तिथं बसवलं असतं मले खुर्चीत. पण भेव वाटतं मले त्या खुर्चीचं. लोकांचे हात मी धरते तिथी उभी राहून, धीर देते, अन् मलेच भेव वाटतं. जरासा डोळा लागला होता, तेवढ्यात तुझा फोन. राग आला मले. खरं सांगते, तुझा राग आला.

डॉक्टरबेन कुठी होत्या? वरच. दुसऱ्या मजल्यावर राहतात त्या. जिन्यातून हाक मारली असती तर जेवत्या ताटावरून उठून आल्या असत्या, तशाच आहेत त्या. मी विचारलं असतं, दात कुठी आहे, तू म्हणाली असतीस पत्र्यावर, मी म्हटलं असतं उतरव आधी, दुधात टाक, रिक्षा कर. पावणेदोनले पोर खुर्चीत असती. अन् मघाशी त्या तुलेच बोलल्या, आटलुं मोडुं केम, एवढा उशीर काऊन केला म्हणून — तू मान खाली घालून उभी, मीच फेकला, मीच फेकला म्हणत होतीस. मी बाजूले ट्रे धरून उभी होते. चूप. दाढ दुखत होती म्हणून नाही काही.

धरेल का? मले नको विचारू. बरं, ऐक. आज बसेल. दिसेल छान, फोटोत कोणाले समजणार नाही. पण एवढा वाळलेला दात आतून झिजत जातो हळूहळू. दोन वर्षं, चार वर्षं. मंग पडतो. वृषाली तेव्हा बारा-तेराची असेल, अन् तेव्हा नवा कोणी देत नाही, ना उंदीरमामा ना कोणी. लाज वाटते गं मले. तुझ्याजवळ बसायचीबी लाज वाटते.

मोबाईल काऊन काढलास? दाखव. एक बावीस. चाळीस सेकंद. हाव, नंबर आमचाच आहे. चाळीस सेकंदात तीन गोष्टी विचारून होतात, चार होतात.

दार उघडलं पाह्य. तुले बोलावतात. केसपेपरवर वेळ लिहायची असते, केव्हा पडला, काय केलं, विचारतील सगळं. फोनचं नको सांगू, असं म्हणणार होते मी तुले. ओठापर्यंत आलं होतं. नाही म्हणत. ऊठ. माझ्याकडं नको पाहू, मी काही नाही म्हणत तुले.

मोबाईल इथी काऊन ठेवतेस बाकड्यावर? घेऊन जा. हातातच ठेव, वेळ विचारतील तेव्हा लागेल.

जा म्हटलं ना.