ताडघराची पुसलेली काच

बागेत सगळे मला काचदादा म्हणतात. वय ५३ वर्षे, व्यवसाय वनस्पती उद्यानात काचघरांची देखभाल, राहणार उद्यानाच्या मागच्या फाटकालगत, खोली नंबर ७. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ राहत होतो. भाऊ उद्यानातले प्राणी सांभाळी. झाडे हलत नाहीत, अशी लोकांची तक्रार आल्याने अधीक्षकसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी काचघरांत प्राणी आणले. निवडुंगांत कासवे सोडली. ऑर्किडांत अजगर ठेवला, तोही हलेना. म्हणून ताडघरात शहामृगाचा नर आणला.

उन्हाने पाने करपू नयेत म्हणून काचांना आम्ही आतून चुना फासतो. काल सकाळी नऊ वाजता साहेब म्हणाले, "पाहुणे येतायत. चुना काढ. पक्षी बाहेरून दिसला पाहिजे." भाऊ म्हणाला, "दादा, बांबूकडची काच तेवढी राहू दे. मागे अंधार आहे, त्याला तिच्यात दुसरा नर दिसेल." मी म्हणालो, "मग त्याला कंगवाही आणून दे." आणि काच पुसली.

११ वाजून १० मिनिटांनी पक्ष्याने मान फुगवून काचेला लाथ घातली. दुसऱ्या लाथेला काच फुटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आत असलेला भाऊ आडवा गेला. नखाने त्याचे पोट बरगडीपर्यंत फाटले. खाली पडल्यावर आणखी चार लाथा बसल्या. त्या मी बाहेरून मोजल्या, कारण दाराची आतली कडी लावलेली होती. मी फुटक्या काचेतून आत गेलो व फावड्याने पक्ष्याच्या मानेवर घाव घातले. ते मोजले नाहीत. मान तुटल्यावरही पाय चालू होते. भाऊ तोवर गेला होता.

साहेबांनी आत येऊन विचारले, "ताडाला लागलं का?" मग म्हणाले, "पोलीस यायच्या आत उरलेल्या काचांना चुना फास. भावाने दार उघडं टाकलं, म्हणून पक्षी बिथरला, असं सांग. आता त्याला काय फरक पडतो?" चुन्याची बादली भरलेली होती. ती मी साहेबांच्या डोक्यावर पालथी घातली व बादलीनेच दोनदा मारले. त्याबाबत साहेबांनी वेगळी तक्रार दिली आहे. ती खरी आहे.

दार बंद होते. काच मी पुसली.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी माझ्यावरच्या दयेने 'साहेबांच्या हुकमामुळे नाइलाजाने' असे घातले होते, ते खोडायला लावले. कंगव्याचे वाक्य गाळले होते, ते वर लिहवून घेतले. ते बोलून मी हसलोही होतो. एवढे घातल्यावर जबाब मी सांगितला तसा झाला आहे.