डॉक्टरांचं 'आपण'

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी तळवलीच्या दोघी कोळणी बसल्या होत्या. त्यांतल्या येसूबाईचा नवरा जयदेव आत डॉक्टरांकडे होता.

"गंगू, डॉक्टर मना बोलला, 'येसूबाई, आपण बाहेर बसा.'"

"मंग बसलीस ना?"

"अगो, एरवी 'ए येसू, कोलबी आनलीस का' बोलतो. आज 'आपन'! कायतरी गंभीर हाय."

"गंभीर म्हंजे?"

"मयताला आलेली मानसं बोलतात ना, तसं."

माझी बायको गेली, तेव्हा मलाही डॉक्टर 'आपण बसा' म्हणाले होते. मी खाली पाहिलं.

दार उघडलं.

"ए येसू, ने तुझ्या जयदेवला! ताप साधाच आहे, पण सुई बघून चक्कर आली त्याला. उद्या कोळंबी आण."

"गंगू, आयकलंस? 'ए येसू' बोलला गो!"