बाबांच्या नावाची बाटली

मुलगी : टीव्ही बंद करा, बाबा. पुन्हा विचारते. त्या बाटलीत जे होतं, ते तुमचं होतं का?

बाबा : बापाला असलं काही विचारतात का गं? बाटलीवर नाव माझंच होतं ना?

मुलगी : नाव बाहेर असतं. आतलं मी आज पाहिलं. सर्जन म्हणतात माझी टेस्ट खोटं बोलते, म्हणून माझं कुठे चुकलं ते शोधत बसले होते. तुमच्या नमुन्याची काच जपून ठेवली होती, ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मोठ्या चपट्या पेशी, जिकडे बघावं तिकडे. बाईच्या लघवीत असतात तशा. पुरुषाच्या लघवीत एवढ्या सापडत नाहीत.

बाबा : मग तुमच्या लॅबमध्येच अदलाबदल झाली असेल.

मुलगी : बाटली मी स्वतः तुमच्या हातून घेतली. मी म्हटलं होतं, इथेच द्या. तर तुम्ही म्हणालात, परक्या ठिकाणी मला होत नाही. घरून पिशवीत घालून आणलीत.

बाबा : ...बरं. नव्हतं माझं.

मुलगी : का?

बाबा : ती दुर्बिणीची नळी नको होती मला. टेस्ट स्वच्छ आली तर यंदा नळी घालायला नको, असं सर्जनच म्हणाले होते ना?

मुलगी : आयुष्यभर शाळेत शिट्टी वाजवून पोरांना भिंतीवरून उड्या मारायला लावल्यात. ‘घाबरायचं काय त्यात!’

बाबा : भिंतीवरून उडी मारणं वेगळं. ती नळी कुठून घालतात ते ठाऊक आहे ना तुला?

मुलगी : ठाऊक आहे म्हणूनच ही टेस्ट तयार करत बसले! तुमच्या मूत्राशयातली पहिली गाठ काढली, त्यानंतर दर वेळी नळीच्या आदल्या दिवशी तुमचं तोंड कसं व्हायचं ते पाहिलंय मी. वाटलं, नुसत्या लघवीवरून कळलं तर किती माणसं सुटतील. 

बाबा : सांगितलं होतंस. ते टेलो... काय ते.

मुलगी : टेलोमरेज. साधी पेशी एकाची दोन होताना दर वेळी थोडी झिजते, म्हातारी होते. कॅन्सरची पेशी झिजतच नाही, कारण तिच्यात हे टेलोमरेज जागं असतं. तुमच्या बाटलीत ते टक्क जागं होतं. दोनदा करून पाहिलं. रात्री झोप नाही लागली मला, बाबा. वाटलं, गाठ परत आली.

बाबा : आणि मग घातलीच नळी. जी टाळायला एवढा खटाटोप केला, तीच नशिबी आली.

मुलगी : आत काहीच सापडलं नाही. सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले, ही टेस्ट धडधाकट माणसाला आजारी ठरवते, बंद करा. मी भांडत होते. तुम्ही शेजारच्या खुर्चीत होतात. मान खाली घालून चपला बघत होतात. सख्ख्या बापाने तोंडघशी पाडलं मला.

बाबा : चुकलं माझं. उद्याच सर्जनना सांगतो. माझ्या पोरीची टेस्ट बरोबर होती म्हणून.

मुलगी : बरोबर होती ना? मग पुढचं बोला. या घरात माझ्याखेरीज बाई एकच आहे.

बाबा : हळू बोल. ती आत भांडी घासतेय.

मुलगी : तुमच्या हे कधी लक्षात आलं?

बाबा : सर्जन म्हणाले आत स्वच्छ आहे, तेव्हाच. पण लगेच ते म्हणाले, टेस्टच चुकली. मी ते धरून बसलो.

मुलगी : म्हणजे माझी टेस्ट खोटी ठरावी म्हणून तुम्ही देव पाण्यात घालून बसला होतात.

बाबा : टेस्ट खोटी म्हणजे ती बरी. एवढंच होतं गं डोक्यात. आणि तूच म्हणाली होतीस, नुसत्या जंतुसंसर्गानेही कधी कधी तसं येतं.

मुलगी : येतं, कधी कधी. पण ते बघावं लागतं! आईला नेलंत कुठे दाखवायला? निदान काही त्रास होतो का, एवढं तरी विचारलंत?

बाबा : विचारलं असतं तर तिला कळलं असतं.

(स्वयंपाकघरातला नळ बंद होतो.)

आई : काय कळलं असतं मला? बाटलीचंच चाललंय ना? मी बजावलं होतं यांना, लेकीच्या नजरेतून सुटायचं नाही. पण हे ऐकतील तर शपथ.

मुलगी : आई, तू कशाला दिलीस?

आई : अगं, रात्रभर घरात येरझाऱ्या घालत होते. बघवेना मला. रागावू नकोस त्यांच्यावर.

मुलगी : इकडे बस माझ्याजवळ. खरं सांग. लघवीला काही त्रास होतो तुला?

आई : त्रास असा नाही. मधूनच लाल दिसतं. उन्हाळे लागले असतील म्हटलं, पण जळजळ नाही की दुखत नाही.

मुलगी : आई! मला का नाही सांगितलंस?

आई : सांगणारच होते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा घाबरलेच होते मी. मग यांना सहज विचारलं, अहो, त्या बाटलीचं काय निघालं? म्हणाले, एकदम स्वच्छ, नळी सर्जननी उगाच खात्रीसाठी घातली.

बाबा : अगं, मी...

आई : म्हणालात ना? मग मी निर्धास्त झाले. म्हटलं, आपल्या लेकीनेच तपासलंय.