बजाराच्या दिवशी तेलात पानी

माहं नाव यमुना. माहेर लोणारचं, जात भोयाची, पन बापानं जन्मात कधी जाळं टाकलं नाई, कारन तिथल्या तळ्याचं पानी खारं, त्यात मासोळीच नाई, मंग जाळं टाकून करता काय. बाप फुटाण्याची भट्टी चालवे. मी लहानपनापासून भट्टीपाशीच, रेती तापवा, चने टाका, चाळा, अन् बजारात पाल मांडून बसा. पान्याचं मले काई समजत नव्हतं. लग्न करून इकडं बुलढान्याकडं आली तवा पहिल्यांदा नावेत बसली, तर डोळे उघडलेच नाई मी पल्याड जाईपर्यंत, सासू म्हने, अवो भोयाची सून ना तू, अन् पान्याले भेते काऊन.

तवा नदीच होती नुसती, उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. मंग सरकारनं धरण बांधलं अन् पानी असं पसरलं का पल्याडचं गाव दिसे पन हाक पोचत नव्हती. आमचे मालक, उत्तम त्यायचं नाव, ते अन् धाकला दीर बांबूनं नाव रेटत, पन आता बांबू बुडाले टेकेच ना. पल्याडच्या एका पाटलाची विहीर धरणात गेली होती अन् विहिरीवरचं इंजन घरी पडून होतं, तो म्हने, उत्तमा, हे घेऊन जा, मले अन् माह्या घरच्यायले जन्मभर फुकट ने-आन कर म्हनजे झालं. बुलढान्याचा मिस्त्री आला, त्यानं इंजन नावेत बसवलं, मांगच्या फळीखाली लोखंडाची टाकी ठेवली तेलाची. काय सांगू तुमाले, त्या दिवशी दोन्ही काठाले मानसं उभे होते पाह्यले.

तेल आम्ही गफूरभाऊकडून घेऊ. गफूरभाऊ पल्याडच्या देऊळघाटचे, मुसलमान, बैलगाडीत पिंप घालून बजाराले येत, पल्याड लिंबाखाली त्यायचं ठिकान. इंजनवाले सारे शेतकरी त्यायच्याकडूनच डिझल नेत. माहा सख्खा भाऊ मी पोरगी असतानाच गेला, म्हनून भाऊबीजेले मी गफूरभाऊले ओवाळू. त्यायची घरवाली खातून, तिनं माह्या पहिल्या बाळंतपनात डिंकाचे लाडू धाडले होते. असं आमचं होतं. म्हनूनच पुढचं झालं ते जास्त लागलं मले.

झालं असं का एक दिवस बजार उठला, परतीची खेप, नाव गच्च भरेल, मानसं, पोते, बकऱ्या, कोंबड्या, अन् मधात आलो तं इंजन खोकलं. खोकलं, पुन्हा चाललं, पुन्हा खोकलं, अन् बंद. वारं सुटेल होतं. नाव आडवी झाली अन् वाहत चालली. पान्यात बुडेल बाभळी होत्या, त्यायचे शेंडे वर दिसत, तिकडंच चालली नाव, अन् बाया पोरायले पोटाशी धरून बसल्या. मीही होती नावेत. मालक म्हनले, जागचं कोनी हलू नका, शेंडे आले का हातानं धरा. धरले लोकायनं. काटे घुसले हातात, पन नाव थांबली. मंग दिरानं फळी काढली अन् फळीनं वल्हवत वल्हवत काठाले लावली. कोनी गेलं नाई, देवाची कृपा, पन एका म्हाताऱ्या मावशीची बकरी पान्यात गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मालकानं टाकीच्या खालचा बोल्ट सोडला तर पहिलं पानीच आलं, निव्वळ पानी, मंग तेल. टाकी साफ केली, चांगलं तेल तेवढं पुन्हा घातलं. पुढच्या बजारी काठाजोळ येता येता पुन्हा तेच. बोल्ट सोडला, पुन्हा पानी. आता तेल तं आम्ही बजाराच्याच दिवशी भरू, अन् पानीही बजाराच्याच दिवशी निघे, मंग माहे मालक काय समजतीन? तेलवाल्यानंच घातलं, असंच समजले. मी म्हनलं, अहो गफूरभाऊ असं नाई करनार, आधी पाहा तरी. पन मानूस भेलेला असला म्हनजे त्याले ऐकू येत नाई.

भर बजारात लिंबाखाली जाऊन ते गफूरभाऊले बोलले, तुह्या पान्यापायी मानसं मेले असते बे. ज्यायले मालकानं उभ्या जन्मात अरे-कारे केलं नव्हतं त्यायले बे म्हनले. गफूरभाऊ पिंपाच्या तोंडावर हात ठेवून उभे, म्हनले, उत्तमभाऊ, याच पिंपातलं तेल साऱ्यायच्या विहिरीवर चालू हाय, कोनाचं इंजन बंद पडलं का विचार. कोनी विचारलं नाई. उलट गर्दीतून एक जन त्यायच्या जातीवर बोलला, अन् तसं बोलनं एकदा सुरू झालं म्हनजे मंग सारेच काई ना काई बोलतात. त्या दिवशी त्यायचं पिंप भरलं तसंच वापस गेलं. पुढच्या बजारीही तसंच.

आमच्या टाकीत त्यायचंच जुनं तेल उरेल होतं, म्हनून पानी निघालं का मालक त्यायच्याच नावानं बोलत. घरी मी रोज मालकाच्या मांगं लागली. शेवटी मी काय केलं, बजारात गेली अन् गफूरभाऊले म्हनलं, पिंपाच्या बुडातलं तेल द्या मले, पानी असन तं बुडालेच असन. त्यायनं मान खाली घालूनच दिलं. घरी आनून मोठ्या काचेच्या बरणीत ओतलं अन् ओसरीवर ठेवलं, येता-जाता सारे पाहू. दिवस गेला, रात गेली, तेल जसंच्या तसं साफ, बुडाले थेंब नाई. मालकानं बरणी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. अन् टाकी रिकामी करून तेच तेल तिच्यात घातलं. मंग रोज सांजी बोल्ट सोडून पाहत. साधे दिवस सारे साफ गेले. बजाराचा दिवस आला, नवं तेल घातलंच नव्हतं, सांजी बोल्ट सोडला, तं पानी.

तवा ते खालीच बसले. म्हनले, यमुने, पानी नावेतच शिरून राह्यलं. मी म्हनलं, मंग गफूरभाऊले बोलवा. ते म्हनले, कोनत्या तोंडानं? म्हनून मीच दिराले देऊळघाटले धाडलं. मले वाटलं येनार नाई. पन आले, काठापर्यंत पायीच, मंग दिरासंगं नावेत बसून, अन् इकडं उतरून पानीही नाई पेले, सरळ टाकीपाशी लागले. टाकी काढून, भोकं चिंधीनं बुजून दोघायनं पान्यात दाबून पाह्यली, बुडबुडा नाई. झाकणाले रबर लावलं होतं, ते धड होतं. मंग गफूरभाऊनं विचारलं, बजाराच्या दिवशी नावेत दुसरं काय असते जे बाकीच्या दिवशी नसते? मालक म्हनले, काई नाई, तेच इंजन, तीच वाट. मी म्हनलं, मानसं असतात ना, अन् पोते. बाकीच्या दिवशी नाव अर्धी रिकामीच जाते.

मंग आम्ही नाव भरली. काठावरचे दगड पोत्यात घातले, बजारात ठेवतात तसे पोते मांगं रचले, गावातले जे होते ते मानसं बसवले. गफूरभाऊ लुंगी खोचून मांडीएवढ्या पान्यात उभे राह्यले. नावेची मांगची बाजू बसली खाली. मालकानं इंजन चालू केलं, नाव थोडी पुढं गेली, वळली, लाट आली. गफूरभाऊ म्हनले, बंद कर उत्तमभाऊ, अन् इथं ये.

टाकीले हवा लागते, हवेबिगर तेल खाली उतरत नाई, म्हनून वर एक बारीक नळी असते. तेलाच्या वासानं बायायले मळमळे, म्हनून आमच्या मालकानंच ती नळी वाकवून नावेच्या बाजूनं बाहेर काढली होती. रिकाम्या नावेत तिचं तोंड पान्यापासून चांगलं वर राहे. नाव भरली का ते तोंड पान्याले टेकाले येई, अन् दर लाटेले घोटभर पानी आत. गफूरभाऊनं नळीत बोट घातलं अन् ते ओलं बोट मालकाले दाखवलं. बस.

नळी मंग उभी केली, उंच नेली, वर छत्रीच्या मुठीसारखी वाकवली. त्यानंतर टाकीत थेंब गेला नाई.

अन् पुढच्या बजारी मालक लिंबाखाली उभे राह्यले. मीही होती. त्यायनं साऱ्यायले ऐकू जाईन असं सांगितलं का पानी माह्या नावेतलं होतं, गफूरभाऊचं तेल साफ होतं, मी खोटा आळ घेतला, अन् टोपी काढून गफूरभाऊपुढं वाकले. गफूरभाऊनं त्यायले खांद्याले धरून उभं केलं. म्हनले, उत्तमभाऊ, तू बोलला त्याचा राग मले तवाच गेला, तू भेलेला होता. पन इतके वर्स तेल नेनारे लोक, त्यायनं एका घडीत खरं मानलं, ते जात नाई मनातून. काई लोक आले त्यायच्याकडं वापस, काई आलेच नाई. बोललेलं वापस घेता येते, ऐकलेलं नाई येत, असं आहे भाऊ ते.

आता मालक थकले, नाव दीर चालवतो. पूल होनार म्हनतात, मोजनीवाले येऊन गेले, लाल दांड्या गाडून गेले. पूल झाला म्हनजे आमची नाव उभीच राहीन. होऊ द्या. अडलेल्या बाईले दवाखान्यात न्यायचं तं पूलच पायजे, नावेचा भरोसा वाऱ्यावर. आमचं पोट भरलं तिनं, पोरं लहानाचे मोठे झाले, आता काय मांगायचं तिले. परवा गफूरभाऊ आले होते, खातून गेल्यापासून एकलेच येतात, काठी टेकत. मालकायले म्हने, नाव बंद होईन का रे उत्तमा? मालक म्हनले, होईन असं वाटते, मंग तुमचं इकडं येनं कसं? ते म्हनले, मंग काय, पुलावरून येईन.