कायगावच्या घाटावरची कणीक

नाय, मला तुम्ही एक सांगा, माणसाला मासा खायचा नाय, विकायचा नाय, घराच्या उंबऱ्याच्या आत न्यायचा नाय, आन् मुळात धरताच येत नाय, तर त्यानं दर रविवारी झोपमोड करून गंगेच्या, म्हंजी आपल्या गोदावरीच्या, काठाला गळ टाकून बसावं कशाला? हां? काय कारण? आमच्या बद्रीनाथला विचारा. 'तुमाला नाय कळायचं,' म्हणतो. आता ह्यात न कळण्यासारखं काय हाय? पण तोंड असं करतो, की आपलंच शिक्षण कमी पडलं असं वाटावं.

बजाजनगरात आमच्या गल्लीतच राहतो. कंपनीत प्रेस मशीनवर. घर माळकरी. आईच्या गळ्यात माळ, बायको सारजाबाईच्या गळ्यात माळ, चातुर्मासात घरात कांदा येत नाय. ह्यानं स्वतः जन्मात मासा चाखला नाय हो! नुसता वास आला तरी नाकाला रुमाल लावतो. पण शिफ्टमधले दोन दोस्त, एक कडूबा आन् एक फकिरा, ह्यांनी एकदा त्याला स्कूटरवर घालून कायगावला नेलं, घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसवलं, आन् संपलं. म्हणे, पाण्याकडं बघत बसलं की डोक्यातली मशीन बंद पडती. पडत असल. आपण कशाला नाय म्हणा?

तर काठी बिठी काय नाय. कडूबाची पद्धत अशी, की तंगूस, म्हंजी नायलॉनचा बारीक दोरा घ्यायचा, एका टोकाला गळ, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं आन् निवांत गप्पा मारायच्या. मासा लागला की अंगठा सांगतो. तुम्हाला सांगतो, तीन वर्षं झाली, अंगठ्यानं एक चकार शब्द काढला नाय! गळाला लावायची कणीक मात्र काय विचारता. तिच्यात बेसन, तिच्यात गूळ, तिच्यात बडीशेपेची पूड, आन् वरून घरचं तूप. सारजाबाई म्हणायची, 'एवढं तूप मी उद्या जावई आला तरी त्याच्या पोळीवर सोडायची नाय.' मासे यायचे, गळ तेवढा बाजूला ठेवून कणीक खायचे आन् निघून जायचे. आन् मासा? मासा लागतोय व्हय!

बरं, हे चाललं होतं तसं चाललं असतं. कुणाच्या बापाचं काय जातं? पण मधी कालिंदाचं लग्न आलं.

कालिंदा म्हंजी बद्रीनाथची थोरली. गुणाची पोर, पण दोन स्थळं तिनंच नाकारलेली. एकाला म्हणली, लई बोलतो. दुसऱ्याला म्हणली, बोलतच नाय. आन् हे तिसरं लासूर स्टेशनचं. पोरगा शाळेवर मास्तर. बघून गेला, आन् पोरगी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून हसली. आता ह्याच्यापेक्षा जास्त हो म्हणायचं काय असतं? बद्रीनाथनं ते हसणं दारातून बघितलं. मला सांगताना म्हणला, 'दादा, मला असं झालं, की हे स्थळ गेलं तर मी पोरीला तोंड कसं दाखवू?'

आन् जाण्याची भीती का? तर पोराचा बाप, रामकिसनअप्पा. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, आन् अट एकच. देणं नाय, घेणं नाय, मानपान नाय... 'फक्त घरातल्या कुण्या माणसाचा जिवाला हात लागलेला नसावा.' अन् हे नुसतं बोलायचं नाय बरं का! आधीची एक सोयरीक अप्पांनी ठरल्यावर मोडली, का, तर मुलीचा मामा एसटी स्टँडावर आम्लेट खाताना दिसला. मामा! तो बी चुलतमामा!

तर गुरुवारी सुपारी फुटायची. सारजाबाईनं शनिवारी रात्रीच बजावलं, 'अवो, हात जोडते, हा एक रविवार तेवढा गप घरात बसा.' बद्रीनाथ म्हणला, 'मी काय येडा हाय का?' आन् सकाळी उठून पायताण घातलं. सारजाबाई म्हणली, 'कुठं?' म्हणला, 'ओव्हरटाइमला.' 'मग हातात कणीक कशाला?' आता तुम्ही असता तर काय म्हणला असता? हा म्हणला, 'क्यांटीनमधला आटा संपलाय.' गेला की हो निघून! बाईनं कपाळाला हात लावला. मी समोरच्या ओट्यावर दात घासत होतो, मला म्हणली, 'भाऊजी, ह्यांना काय म्हणावं?' मी तोंडात ब्रश ठेवला. अशा वेळी तोंड भरलेलं बरं.

बद्रीनाथच्या मनात बी कमी नव्हतं. त्याला वाटलं, एकदा लग्न ठरलं की हे सगळं बंदच करायचं, मग शेवटचं एकदा जाऊन यावं. शेवटचं एकदा! दुनियेत जेवढे घोटाळे झाले ना, ते 'शेवटचं एकदा' म्हणूनच झालेत.

कायगावला पोचले तर घाटावर ही गर्दी. कुणाचा तरी दहावा. रविवारी तिथं दहावा असतोच, त्याचं काय नाय, हे तिघं आपले पलीकडच्या पायऱ्यांवर लांब बसले, अंगठ्याला तंगूस बांधले, कणकेचा गोळा पाटीत उघडा ठेवला. आन् मासा? मासा लागतोय व्हय! माशाच्या ऐवजी आले कावळे. एक आला, दोन आले, मग सगळं खानदान. त्या तुपाच्या वासानं पाटीभोवती सभाच भरली. कडूबा हाकलतोय, फकिरा हाकलतोय, 'अरे जाव ना बाबा, कायकू पीछे पडे?' कावळे काय ऐकतात?

आन् तिकडं पिंड मांडलेले. कावळा शिवंना! लोक ताटकळले. मेलेली म्हातारी आवडाबाई, वय झालेलं, सगळं बघून गेलेली, तरी लोक हात जोडून तिला एकेक वचन द्यायला लागले. 'काकू, नातवाचं शिक्षण करू!' कावळा नाय. 'काकू, म्हैस विकणार नाय!' कावळा नाय. 'काकू, धाकट्याला दारू सोडायला लावू!' धाकटा मागं वळून बघायला लागला, तरी कावळा नाय. शेवटी कुणीतरी म्हणलं, अरे, कावळे समदे तिकडं हायेत, तिथं काय हाय ते बघा. आन् बघायला कोण निघालं? म्हातारीचा पुतण्या. आन् म्हातारीचा पुतण्या कोण?

रामकिसनअप्पा.

'रामकृष्णहरी! कोण, बद्रीनाथराव का?'

तुम्हाला सांगतो, बद्रीनाथच्या अंगातलं रक्त उतरून थेट त्या बांधलेल्या अंगठ्यात गेलं. कडूबा आन् फकिरानं तंगूस कधी सोडवले, गळाच्या डब्यावर कधी बसले आन् हात जोडून कधी डोळे मिटले, कुणाला कळलं नाय. ह्याला तेवढी सवड नव्हती. अप्पा समोर! डाव्या पायाचा अंगठा पाण्यात, वर बाकी सगळं व्याही.

'पाव्हणं, तुम्ही इथं? आन् ही कणीक कशाला?'

आता बघा, माणूस बुडताना काय धरंल सांगता येत नाय. बद्रीनाथ म्हणला, 'माशांला घालतो, अप्पा. दर रविवारी.'

आन् गंमत अशी, की ह्यात खोटं काय होतं? तीन वर्षं मासे दुसरं काय खात होते?

अप्पांनी कणकेचा वास घेतला. 'ह्यात तूप?' 'व्हय.' 'गूळ?' 'व्हय.' अप्पांचा चेहरा असा झाला, की जणू कीर्तनात शेवटचा अभंग लागला. 'मुक्या जिवाला तूप-गूळ! पाव्हणं, आमी पिंडाला बी एवढं घातलं नाय.' म्हणले, लहान गोळा द्या. घेऊन गेले, पिंडाशेजारी ठेवला. कावळ्यांची ती सभा उठली, आन् शिवला की कावळा! एक नाय, सात-आठ शिवले! म्हातारीच्या तीन पिढ्यांची सोय झाली.

तेवढ्यात इकडं बद्रीनाथ अंगठा सोडवायला खाली वाकला. पण तंगूसाची गाठ एकदा भिजली की सुटती व्हय? दातानं बघितलं, नखानं बघितलं. शेवटी फकिरा उठला, 'ठैरो, न्हाव्याकडून वस्तरा लाता हूँ.' दहाव्याला न्हावी असतोच. हा गेला, वस्तरा मागायला तोंड उघडलं, आन् न्हाव्यानं खांदा दाबून खाली बसवला. त्याला वाटलं, सुतकातला माणूस हाय. फकिरा परत आला तवा वस्तरा नव्हता आन् मिशी बी नव्हती. 'बोलने कू मौकाच नय दिया,' म्हणला. लग्नापासून जपलेली मिशी हो! बायकोनं पुढं दोन दिवस त्याला दारात ओळखलं नाय.

आन् अप्पा परत आलेच. डोळे पुसत आले, बद्रीनाथला खेटून पायरीवर बसले. 'पाव्हणं, आज मन मोकळं करतो. माणसं सांगतात लई, आमी माळकरी, आमी शुद्ध. पण मला शंका होती. तुमच्या कंपन्यांत चार तऱ्हेची माणसं, शहराचं वारं... मी म्हणलं होतं, गुरुवारी सुपारी फोडायच्या आधी एकदा चौकशी करावी. आता चौकशी कसली! मी सांगतो, तुमची लेक...'

आन् मासा लागला.

तीन वर्षं न बोललेला अंगठा बोलला! साधं बोलणं नाय हो, बोंबलला! बद्रीनाथचा पाय एक पायरी खाली गेला. 'तुमची लेक,' अप्पा म्हणतायत, 'आमची लक्ष्मी...' दुसरी पायरी. 'काय झालं, पाव्हणं?' 'काय नाय, अप्पा, जरा...' तिसरी पायरी. गुडघाभर पाणी. 'स्नान करायचं व्हय?' 'व्हय, व्हय, स्नानच.' 'कपड्यावर?' 'मी कपड्यावरच करतो.' आन् गेला कमरेपर्यंत! मागं कडूबा डोळे मिटून, 'ए बद्र्या, सोड, सोड,' असं भजनाच्या चालीवर म्हणतोय.

बद्रीनाथनं हात जोडले, सूर्याला पाणी घातलं, आन् बुडी मारायचं निमित्त करून खाली वाकला. आता जे सांगतो ते त्यानं मला एकट्याला सांगितलंय. पाण्यात त्यानं तंगूस हातानं ओढत आणला, आन् मासा हाताला आला. कोपरापासून बोटापर्यंत असा! रोहू! सगळा ताकदीचा, गार, निसटणारा. तीन वर्षं ज्याच्यासाठी झोप मोडली, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, तो दोन्ही हातांत. नुसता वर उचलून एकदा बघायचा होता हो! खायचा नव्हता, न्यायचा नव्हता. एकदा उन्हात बघायचा, आन् कडूबाला दाखवायचा, की बघ. पण वर अप्पा बसलेले. आन् डोळ्यांपुढं कालिंदा, भिंतीकडं तोंड करून हसणारी.

आंधळ्यासारखं चाचपून गळ काढला. मासा गेला. शेपटी तेवढी मनगटाला लागली, म्हणतो.

वर आला तवा रडत होता. पाणी पुसायचं निमित्त केलं, पण अप्पांच्या नजरेतून काय सुटतं व्हय? 'पाव्हणं, डोळे का भरले?' बद्रीनाथ म्हणला, 'लेकीची आठवण आली, अप्पा.' आन् खरं सांगतो, अप्पा बी रडले. म्हणले, 'गुरुवारची वाट कशाला? सोयरीक पक्की!' दहाव्याच्या घाटावर, सुतकाच्या दिवशी! असं मी तरी कुठं बघितलेलं नाय.

लग्न झालं. झकास झालं. कालिंदा सुखात हाय, मास्तर बेताचं बोलतो, लई बी नाय, कमी बी नाय. पण ऐका ना, पुढचं ऐका. अप्पांनी मंडपात बद्रीनाथच्या गळ्यात स्वतःच्या हातानं माळ घातली आन् सांगितलं, 'आजपासून दर रविवारी मी बी कायगावला येणार. दोघं मिळून माशांला कणीक घालू.' येतात हो! पाऊस असो, ऊन असो, लासूरहून पहिल्या गाडीनं, पाटीभर कणीक मळून. तूप घालून! आता तर मासे असे माणसाळलेत, की बद्रीनाथनं पाण्यात हात घातला की येऊन बोटं चोखतात. हातभर, दंडाएवढे! आन् हा त्यांना नमस्कार करतो.

आन् कडूबा, फकिरा? ते आता पलीकडच्या काठाला, टोका गावाकडं बसतात. अंगठ्याला तंगूस बांधून. दर रविवारी लागतो! मोठाला! लागणारच की, पोसलेले कुणी? मधी एकदा कडूबा आमच्या ओट्यावर बसून म्हणतो, 'बद्र्या, तुझ्या व्याह्याला सांग ना, कणीक जरा घट्ट मळत जावा. तिकडच्या काठापर्यंत वास येईस्तोवर विरघळती.'

मी म्हणलं, आता बद्रीनाथ ह्याच्या थोबाडीत देतो. कशाचं काय! मग पुढच्या रविवारी गेला आन् अप्पांना सांगितलं की हो, 'अप्पा, कणीक जरा घट्ट मळू. पलीकडच्या काठाच्या माशांला बी पोचली पाहिजे.' अप्पांनी तिथल्या तिथं त्याचे पाय धरले.

घरी आल्यावर मी विचारलं, 'अरे, सांगितलंस कशाला?' म्हणला, 'मग काय करू, दादा? दोस्त बी सांभाळायचेत, आन् लेक अप्पांच्याच घरी नांदायचीय.' आन् गेला आत, पुढच्या रविवारचं तूप कढवायला.