धान्याच्या कोठीतली डिस्क

नाव: बिरदेव सोपान मदने. वय: ५८ वर्षे. धंदा: ग्रामपंचायतीत शिपाई. राहणार: नवे खडकठाण, ता. इंदापूर, जि. पुणे. मोबाईल: आहे, नंबर पाठ नाही.

मी आज दि. १६ जानेवारी २०२६ रोजी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता आपण होऊन हजर झालो असून विचारल्यावरून सांगतो की, ग्रामपंचायतीत मला एकोणतीस वर्षे झाली. कार्यालयाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. सुकन्या शेंडगे ही सहा वर्षांपासून आमची संगणकचालक आहे. ती माझ्या नात्यातली नाही. हे आधीच लिहून घ्यावे, नाहीतर गाव नाते शोधून काढील.

सोमवारी १२ तारखेला सकाळी साडेनऊ वाजता मी गेलो तेव्हा कुलूप तुटलेले होते व संगणक नव्हता. ग्रामसेवक विजयसिंह जगदाळे यांनी सामानाची नोंदवही काढली. तिच्यात लिहिलेली हार्ड डिस्कही जागेवर मिळाली नाही. दोन्ही वस्तू चोरीस गेल्याची फिर्याद त्यांनी दिली. सुकन्या तेव्हा सोमेश्वरनगरला लग्नाला गेली होती. ती बुधवारी रात्री परत आली.

गुरुवारी धोंडाबाई बनसुडे, वय ७४, या जुन्या गावातल्या घराचा उतारा मागायला आल्या. जुने खडकठाण उजनीच्या पाण्याखाली आहे. नात सोनल हिच्यासाठी धरणग्रस्ताचा दाखला काढायचा होता. ग्रामसेवक म्हणाले, संगणकाबरोबर सगळे गेले. धोंडाबाई फरशीवरच बसल्या. म्हणाल्या, "गाव एकदा पाण्यात गेलं. आता आणि कुठं गेलं?"

सुकन्या म्हणाली, "आजी, कुठं न्हाय गेलं. माझ्या घरी हाय. हितंच बसा."

वीस मिनिटांत ती डिस्क व स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. डिस्क तिने घरी गव्हाच्या कोठीत, डब्यात बंद करून ठेवली होती. त्या घराचे पान छापून तिने आधी धोंडाबाईंच्या हातात दिले. ग्रामसेवकांनी डिस्क ओळखली आणि आपणांस फोन केला. फोन होईपर्यंत ती तिथेच उभी होती.

डिस्क घरी का, असे तिला आपण विचारले. मागचे ग्रामसेवक मोहनराव यांचा लेखी आदेश होता, पण कागद गहाळ झाला, एवढेच तिने सांगितले. मोहनराव आता हयात नाहीत.

कागद गहाळ झालेला नाही. तो मी घालवला. मागच्या दिवाळीआधी तपासणी होती. मी कोणाला न विचारता कपाटाखालची दोन पोती रद्दीवाल्याला देऊन टाकली. त्यात तो आदेश होता आणि बुडालेल्या घरांचे मूळ रजिस्टरही होते. खोली चकाचक दिसली म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली. ती मी घेतली. सुकन्याला कळले त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा आणून ठेवला. आजवर तिने माझे नाव कोणाला सांगितले नाही. काल आपल्यालाही सांगितले नाही.

तिच्या कामाबद्दल विचारल्यावरून सांगतो की, असे काम मी एकोणतीस वर्षांत पाहिले नाही. ते रजिस्टर वाळवीने खाल्ले होते. तिने एकेक पान कोरड्या ब्रशने झाडून स्कॅन केले. जुन्या माणसांना घर नंबर आठवत नाहीत, शेजार आठवतो. म्हणून तिने म्हाताऱ्यांना पारावर बसवून विचारले आणि प्रत्येक पानाला तसे नाव दिले. धोंडाबाईंचे पान "मारुतीच्या मागचं, लिंबाखालचं" या नावाने आहे.

दर शुक्रवारी ती सगळे डिस्कवर उतरवायची, बंद करायची आणि परत उघडून बघायची. मी चेष्टा करायचो, "झोपलेल्या लेकराला उठवून झोप लागली का विचारतीस व्हय गं?" ती म्हणायची, "तात्या, नाव दिसतंय म्हणून आत पान असतंयच असं न्हाय. उघडल्याबिगर कळत न्हाय." एकदा चाळीस पाने काळी निघाली. ती तिने सगळी पुन्हा केली. धोंडाबाईंचे पान त्या चाळिसांत होते. रजिस्टर रद्दीत जाण्याच्या आदल्या महिन्यातली ही गोष्ट.

ती कागद टाकत नाही, त्यामुळे मोहनरावांचा आदेशही तिने स्कॅन केला असणार, असे मी आपणांस म्हणालो. त्यावरून तिला बोलावून, दोन पंचांसमक्ष डिस्क उघडण्यात आली. आदेश मिळाला. "एक प्रत कार्यालयाबाहेर, कोरड्या जागी, सुकन्या शेंडगे यांच्या घरी ठेवावी." खाली मोहनरावांची सही. त्याखाली "वाचले" म्हणून माझी सही आहे. मी ती केल्याचे विसरलो होतो. सुकन्याला माहीत होते, म्हणूनच काल तिने तो काढून दाखवला नव्हता.

ती मला एवढेच म्हणाली, "तात्या, चष्मा लावा आणि नीट बघा, तुमचीच हाय का."

माझीच आहे.

हा जबाब संगणकावर लिहून झाल्यावर आपण जतन केला आणि मला सही करायला सांगितले. मी तो बंद करून परत उघडायला लावला. उघडला. सगळी पाने होती. मला वाचून दाखवली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहेत, मग सही केली.

समक्ष / (सही) बिरदेव सोपान मदने