देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

भवानी पेठेत लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मी थांबलो होतो. शेजारी बाकावर वळसंगची मायलेकं बसली होती.

"धुळा, एवढा नवा लॅपटॉप, आन् ह्यात पेनड्राइव्ह जात न्हाय?"

"आता पातळ असत्यात, आये. मोठं भोक ठेवत न्हाईत."

"एक ठेवलं असतं तर काय जड झालं असतं?"

"जोडणी मिळती की. आत्ताच लावून बगितली दुकानवाल्यांनी."

"मग ऐकव की तुज्या बाच्या ओव्या. बा गेल्यावर तेवडाच आवाज उरलाय."

"उगडंना, आये. आतनं गंजलाय म्हणत्यात. भंडारा बी आत गेलाय."

"बिरोबाच्या ओव्या हायत म्हणून देव्हाऱ्यात ठेवला रं मी. सणावाराला देवासंगं आंघोळ घातली."

"असू दे. तुला काय ठावं?"

"जुन्या लॅपटॉपला मोठं भोक हुतं न्हवं?"

"हुतं की. तीन हुती."

"मग तवा कधी लावलास?"

"लावू, लावू म्हणत ऱ्हायलं."

"मी बी कधी म्हटलं न्हाय, लाव म्हणून."